मिरजेतला तालमीचा हॉल, समूहगीतवाल्या पोरांसाठी : पाचपैकी चार स्टार

आधीच सांगते, मी रिव्ह्यू वगैरे कधी लिहीत नाही, रोजच्या भडंगवाल्यालापण अजून लिहिलेला नाही, पण परवा कॉलेजच्या ज्युनिअर्सनी विचारलं की ताई युथ फेस्टिवलच्या प्रॅक्टिसला कुठं जाऊ, आणि मी सांगायला लागले ते थांबेचना. म्हटलं इथंच टाकावं.

पहिल्यांदा पत्ता, कारण मॅपवरची पिन चुकलेली आहे. ती तुम्हाला मागच्या बोळात नेऊन सोडते आणि तिथं एक कुत्रं आहे. सतारमेकर गल्लीतून सरळ या, पाच मिनिटं चालत, खाली पिठाची गिरणी आहे तिच्या बाजूचा जिना. जिना अरुंद आहे, हार्मोनियम घेऊन चढताना एकानं मागून धरायचं. हॉल तासाला २०० रुपये. शिकवायला हॉलवाले सर पण हवे असतील तर टीमचं पॅकेज करतात, आम्ही सहा आठवड्यांचे ९,००० दिले, म्हणजे माणशी हजार, कारण समूहगीतात सहा गाणारे आणि तीन साथीदार एवढेच असतात. दहा मिनिटांत दोन गाणी, एक हिंदी नाहीतर संस्कृत आणि एक आपल्या भाषेतलं, फिल्मी गाणं चालत नाही. हे माहीत नसलेले लोक दरवर्षी असतात आणि आठ दिवस आधी कळल्यावर पळापळ करतात. आमच्या विद्यापीठात आधी जिल्हास्तरीय आणि मग मध्यवर्ती महोत्सव असतो, म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या कॉलेजांची आधी आपापसातच मारामारी.

आता मागच्या वर्षीचं सांगते म्हणजे ह्या वर्षीचं कळेल. मागच्या वर्षी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो, नाव घेत नाही, घेऊन काय उपयोग. तिथं रेडीमेड ट्रॅक लावायचे आणि त्यावर गायचं. एसी होता, स्पीकर भारी होते, आम्हाला वाटायचं आपण काय गातोय राव. महिनाभर ट्रॅकवर गायलो आणि स्पर्धेत तर साथीदार लाइव्ह. ढोलकीवाला आमच्याच वर्गातला, पण त्याची आणि आमची पहिली तालीम झाली ती डायरेक्ट एसटीत, तीपण सीटच्या पत्र्यावर. स्टेजवर तो घाबरून पळायला लागला, त्याच्या मागं आम्ही पळालो, दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत महालक्ष्मी एक्सप्रेस झालेली. नऊ मिनिटांचं बसवलेलं साडेसहात संपलं. खाली उतरल्यावर कोणी कोणाकडं बघत नव्हतं.

म्हणून ह्या वर्षी इथं आलो. पहिल्या दिवशी सरांनी गाणं गाऊच दिलं नाही. दोन तास नुसता सा. तोपण एकेकाला आकारात लावायला सांगितला, तंबोऱ्यावर. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर म्हणाले, "सा ठीक आहे, पण तुमचे सहा आ सहा गावचे आहेत." आणि खरंच तसंच होतं. जतच्या पोराचा आ एकदम उघडा, विट्याच्या पोरीचा ऑ कडं झुकणारा, पलूसवाला नाकातून आणि माझा म्हणे रियालिटी शोचा. सूर एकच असला तरी आ वेगळे असले की ऐकणाऱ्याला बेसूर वाटतं, हे मला तोपर्यंत कोणी सांगितलेलंच नव्हतं, आणि मी आठ वर्षं गाणं शिकतेय. मग आठवडाभर आरशासमोर जबडा किती उघडायचा ह्याची प्रॅक्टिस. आई विचारायची दात दुखतोय का.

तंबोऱ्याबद्दल लिहायलाच पाहिजे कारण ह्या जागेत पैसे वसूल होतात ते तिथं. ॲपवाला तंबोरा सर वापरू देत नाहीत. मिरजेत बसून मोबाइलचा तंबोरा म्हणजे कोल्हापुरात पाकिटातला तांबडा रस्सा, असं त्यांचं म्हणणं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं हे पेपरात वाचलेलं, पण मी सांगलीत जन्मून कधी मिरजेचा तंबोरा मांडीवर घेतलेला नव्हता, लाज वाटली. हे भोपळे मंगळवेढा-पंढरपूर भागातून येतात हेपण इथंच कळलं. सर प्रत्येकाकडून जुळवून घेतात. खुंटीवर अंदाजे आणायचं, मग खाली मणी सरकवत अगदी केसाएवढं वरखाली करायचं, आणि शेवटी घोडीवर तारेखाली तो जीवा असतो ना, दोऱ्याचा, तो हळूच सरकवत राहायचं. एका जागी आला की तार अचानक बोलायला लागते, आधी नुसती टणटण करत असते आणि एकदम झण्ण करून उघडते. मला तिसऱ्या दिवशी जमलं. त्या दिवशी सरांनी डोळे मिटून खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या, तारेकडं लक्ष द्यायला लावलं, म्हणाले सा सोडून अजून काय ऐकू येतंय सांग. दहा मिनिटं काही नाही. मग गांधार, म्हणजे ग, ऐकू आला, कोणी छेडलेला नाही, तारेतूनच येणारा. अंगावर काटा आला खोटं कशाला बोलू.

आणि त्याचा उपयोग लगेच झाला, कारण आमचं हिंदी गाणं देस रागात होतं आणि आम्ही ग लावायचो तो हार्मोनियमचा, आणि हार्मोनियमचा ग तंबोऱ्यातल्या गापेक्षा जरा चढाच असतो. तिघं पेटीला धरून आणि तिघं तंबोऱ्याला धरून गायले की मधे एक खरखर येते. सरांनी पेटीवाल्याला सांगितलं ठेहरावाच्या जागी ग वर बोट ठेवूच नको, नुसता सा प धर, पोरं लावतील ग. एवढ्याशा गोष्टीनं गाणं स्वच्छ झालं.

पट्टीचा घोळ सगळ्या मिक्स टीमना होतो म्हणून लिहिते. पट्टी म्हणजे पेटीच्या कुठल्या बटणाला सा धरायचा ते. मुलांना काळी एक बरी पडते, मुलींना काळी चार नाहीतर पाच. आम्ही मागच्या वर्षी मुलींच्या पट्टीत गायलो तर मुलं वरच्या सा ला गळा धरून उभी. सरांनी पांढरी चार धरली आणि चालच जरा बदलून दिली, खालचा भाग मुलांकडं, वरचा मुलींकडं, आणि फक्त ध्रुवपदाला सगळे एकत्र. स्वतःला शोभणारी पट्टी हा हट्ट सोडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

कारण खरी गोष्ट ही की टीममधला प्रॉब्लेम मीच होते. कॉलेजात मी सोलोवाली, गणपतीत, गॅदरिंगला, निरोप समारंभाला माईक माझ्याकडंच. दुसऱ्या आठवड्यात सरांनी मोबाइल हॉलच्या पार मागच्या टोकाला खुर्चीवर ठेवून रेकॉर्ड केलं आणि सगळ्यांसमोर लावलं. सहा जण गायलो होतो आणि ऐकू येत होते दीड. एक मी, आणि अर्धा तो जतचा. सर काहीच बोलले नाहीत, परत लावलं. तिसऱ्यांदा लावल्यावर मीच म्हटलं, सर कळलं. मग म्हणाले, "बाळा, तुझ्या शेजारची ऐकू येत नसेल तर तू मोठ्यानं गातीयस, एवढंच माप ठेव." मिरज ते विश्रामबाग बसमध्ये मी एक शब्द बोलले नाही. रागच आला होता खरं तर, हजार रुपये देऊन कोण आवाज कमी करायला शिकतं. पण दुसऱ्या दिवशी ते माप लावून बघितलं, विट्याच्या पोरीचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा नीट ऐकला, दोन वर्षं शेजारी उभी राहत होती ती. इतका गोल आवाज आहे तिचा, आणि मी तो झाकून टाकत होते.

श्वासाचा कागद ही अजून एक भारी गोष्ट. गाण्याच्या झेरॉक्सवर सर लाल पेननं प्रत्येकाच्या श्वासाच्या जागा मारून देतात, आणि प्रत्येकाच्या वेगळ्या. लांब सूर असेल तिथं एक-तीन-पाच आधी घेणार, दोन-चार-सहा नंतर, म्हणजे ऐकणाऱ्याला सूर तुटलेला कळतच नाही. चोरटा श्वास म्हणतात त्याला ते. आणि जिथं शब्द संपतो तिथला शेवटचा न् किंवा त् सगळ्यांचा एकाच क्षणी, नाहीतर त्-त्-त् असं लाह्या फुटल्यासारखं होतं. माझा कागद अजून आहे, चहाचा डाग पडलेला, ज्युनिअर्सनी मागितला तर झेरॉक्स देईन, ओरिजिनल मिळणार नाही.

आता तक्रारी.

हॉलला मधे प्लायवूडचं पार्टिशन आहे. फेस्टिवलच्या आधीच्या दोन आठवड्यांत सर पलीकडं दुसरी टीम घेतात. आमचा केरवा ताल चालू आणि पलीकडून दादरा येतोय, आठ मात्रा सांभाळता सांभाळता कधी सहावर जाल कळणार नाही. सरांना सांगितलं तर म्हणाले स्टेजमागं ह्यापेक्षा जास्त आवाज असतो, फुकटची प्रॅक्टिस समजा. उत्तर बरोबर आहे, पण मग रेट तेवढा कमी करा की. शिवाय आमची चाल पलीकडं ऐकू जातेच ना, त्यांच्यातली एक पोरगी जिन्यात आमचंच ध्रुवपद गुणगुणत उतरत होती.

पावसाळ्यात भिंतींना ओल. आमच्या तालमी ऑगस्टमधल्या, कृष्णेला पाणी चढलं की आयर्विन पुलावरची पातळी किती फूट हे सगळे मोबाइलवर बघत बसायचे आणि ढोलकीचं कातडं इकडं उतरून भद्द भद्द वाजायचं. सरांकडं शंभरचा पिवळा बल्ब लावलेलं एक खोकं आहे, ढोलकी आणि दिमडी त्यात ठेवायची, वीस मिनिटांत ताणतात. लाइट गेली की खोकंपण गेलं. इन्व्हर्टर घ्या सर, वाचत असाल तर. बाथरूम खाली गिरणीवाल्यांचं, किल्ली मागायला लागते, मुलींना त्रासाचं आहे. एक स्टार त्याचाच कापलाय. आणि तालमीआधी भडंग खायला बंदी आहे, हे आधी सांगत नाहीत, पिशवी जप्त झाल्यावर कळतं. तिखट आणि शेंगदाण्याची सालं घशात बसतात म्हणे. नंतर काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, तीच पिशवी चहासोबत परत देतात, अर्धी झालेली असते.

शेवटच्या आठवड्यात गाणं जवळजवळ बंदच. स्टेजवर चढायचं कसं, कोण पेटी उचलणार, तुणतुणं कोणाच्या हातात, तंबोरा आधी की माईक आधी, हे स्टॉपवॉच लावून. आमचं दुसरं गाणं गोंधळाच्या चालीवर होतं त्यामुळं मधे संबळवाल्यानं पुढं यायचं आणि ढोलकीवाल्यानं मागं, हे चौदा वेळा केलं. पंखा फुल, खिडक्या उघड्या, खाली गिरणी चालू, आणि त्यात गायचं, कारण स्टेजवर स्वतःचा आवाज ऐकू येईलच असं नाही. तेव्हा वाटलं वेळ चाललाय फुकट. हातवारे मात्र सगळे काढून टाकायला लावले, मार्क गाण्याला असतात, कपड्याला आणि हाताला नाहीत, हे नियमातच आहे पण कोणी वाचत नाही.

एक दिवस सर सगळ्यांना मीरासाहेब दर्ग्यात घेऊन गेले. किराणा घराण्याचे मोठे गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहायचे, १९३७ ला गेले, त्यांची कबर तिथं आहे आणि उरुसात दरवर्षी तिथं गाण्याची सभा असते. आम्ही गेलो तेव्हा काही नव्हतं, दुपारची वेळ, कबुतरं. सर काही बोलले नाहीत, आम्ही बसून आलो. पॅकेजमध्ये हे धरलेलं नाही, बसचं तिकीट आपलं आपण.

रिझल्ट विचाराल तर तिसरा नंबर, जिल्ह्यात. पहिला नाही. पण दुसऱ्या गाण्यात शेवटचा लांब सूर आहे तिथं विट्याच्या पोरीला ठसका लागला, ती गप्प झाली, तोंड तसंच उघडं ठेवून, आणि तिच्या जागेवर मी आणि पलूसवाला होतोच कारण आमचे श्वास आधी झालेले होते. व्हिडिओ वीस वेळा बघितला, कुठं गेली ते मलापण सापडत नाही.

बुकिंग फोनवरच करा, मेसेज ते बघत नाहीत. जुलैतच करा, ऑगस्टमध्ये संध्याकाळचे स्लॉट संपतात. पैसे फोनवरून चालतात पण गिरणीच्या वर रेंज नाही, खाली उतरून पाठवायला लागतात. आणि तिथल्या जुन्या पेटीची पांढरी सहा अडकते, स्वतःची पेटी न्या.