जुन्या पिकअपला मागे डिस्क बसवायचा किट: लोखंड चोख, उरलेलं काम तुमचं

किटच्या खोक्यात सामान मोजकं असतं. दोन ब्रॅकेट, दोन रोटर (म्हणजे डिस्क), हँडब्रेकचा लिव्हर अंगावरच असलेले दोन फ्लोटिंग कॅलिपर (पॅडने रोटर धरणारा, पिनांवर सरकणारा चिमटा), पॅड, दोन होज आणि नटबोल्टांची पिशवी. सी-क्लिपवाल्या ॲक्सलसाठी (चाकाचा दांडा, आतल्या टोकाला सी-आकाराच्या क्लिपने अडकवलेला) मिळणाऱ्या या प्रकारच्या किटबद्दल हे लिहिलंय. ब्रॅकेट जाड, भोकं नेमकी, रोटरचं मशिनिंग स्वच्छ, त्यामुळे बसवाबसवीत फारशी ओढाताण होत नाही. पण मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा), प्रेशर आणि हँडब्रेक या तिन्ही गोष्टी किट तुमच्यावर सोडतो, आणि गाडी नीट थांबणार की नाही हे तिथेच ठरतं.

अपेक्षा मात्र खरी ठेवा. ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं आणि रिकाम्या पिकअपची मागची बाजू मुळातच हलकी. त्यामुळे मागे डिस्क लावल्या म्हणून थांबायचं अंतर एकदम घटत नाही. पुढे अजून ड्रमच असतील तर पैसा आधी पुढे घाला. मागच्या डिस्कचा खरा फायदा लांब उतारावर कळतो. ड्रम तापला की फुगून शूपासून लांब जातो आणि पेडल खाली खाली जायला लागतं. डिस्क तापली तर जाडीने वाढते, म्हणजे पॅडच्या दिशेनेच. पाण्याचिखलातून निघाल्यावरही डिस्क लगेच कोरडी होते, ड्रममध्ये पाणी आणि गाळ अडकून राहतो.

खोलायच्या आधी रिम बघा. चौदा इंची रिममध्ये कॅलिपर बहुतेक अडतो. पुठ्ठ्यावर कॅलिपरचा आकार कापून रिममध्ये धरला की पाच मिनिटांत उत्तर मिळतं.

ड्रमचे शू धरणारी बॅकिंग प्लेट काढायची तर ॲक्सल बाहेर काढावाच लागतो. डिफरन्शियलचं झाकण उघडा, ऑइल गाळा, छोट्या गियरमधून जाणाऱ्या पिनचा लॉक बोल्ट काढा, पिन ओढा, ॲक्सल आत ढकला, की सी-क्लिप हातात येते. लॉक बोल्ट बारीक असतो आणि जुन्या गाडीत तुटायला टपलेला असतो. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि पाना झटक्याने ओढू नका. पिन बाहेर असताना ॲक्सल अजिबात फिरवायचा नाही. आतले छोटे गियर फिरून जागेवरून निसटतात आणि परत रेषेत आणताना जीव जातो. ॲक्सल निघालाच आहे तर ऑइल सील नवीन टाका, जुनं ठीक दिसत असलं तरी. गियर ऑइल एकदा पॅडवर आलं की ते पॅड टाकूनच द्यावे लागतात.

ब्रॅकेट लावण्याआधी हाउसिंगच्या तोंडावरचा गंज आणि रंग पूर्ण खरवडा. ॲक्सलच्या फ्लँजचंही (चाक बसतं ती चकती) तसंच. तिथली खपली रोटरच्या कडेला डगमग म्हणून दिसते. सगळे नट आवळून रोटर दाबून घ्या आणि डायल गेज लावा, ०.१ मिमीपेक्षा जास्त डगमग असेल तर रोटर एक-एक स्टड सरकवून बघा. मग कॅलिपर रोटरच्या मधोमध येतोय का ते पाहा, नसेल तर शिम (पातळ पत्र्याची चकती) घाला. या ॲक्सलला आत-बाहेर थोडी चाल असतेच. कॅलिपरच्या पिना ग्रीस लावून मोकळ्या असल्या तर फ्लोटिंग कॅलिपर तेवढं सांभाळून घेतो. फिक्स्ड कॅलिपरवाला किट घेतला तर वळणानंतर रोटर पॅडमागचा पिस्टन मागे ढकलतो आणि पुढच्या ब्रेकला पेडल खोल जातं. म्हणून या ॲक्सलवर फ्लोटिंगच हवा.

डावा-उजवा कॅलिपर उलटा लागण्याची चूक सगळ्यात जास्त होते, कारण उलटा लावला तरी तो बसतो. ब्लीडर निपल (हवा काढायचा स्क्रू) वरच्या टोकाला यायला हवा. तो खाली राहिला तर कितीही ब्रेक ऑइल सोडा, वरची हवा तिथेच आणि पेडल मऊच. होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बॅन्जो बोल्टला दोन्ही बाजूंना नवीन तांब्याचा वॉशर लागतो, म्हणजे एकूण चार. पक्क्या पाइपला डबल फ्लेअरच (टोक दुहेरी दुमडून पसरवणं) करा. कॉम्प्रेशन जोड किंवा साधी तांब्याची नळी ब्रेकच्या लायनीत चालत नाही. ॲक्सल पूर्ण लोंबता आणि पूर्ण दाबलेला, दोन्ही स्थितीत होज ताणत किंवा घासत नाही ना ते बघून घ्या.

आता प्रेशर. ड्रमच्या लायनीत व्हील सिलिंडरच्या रबरांनी हवा आत ओढू नये म्हणून सुमारे १० पीएसआय दाब अडवून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, बहुतेक मास्टर सिलिंडरच्या, मागच्या ब्रेककडे जाणाऱ्या तोंडात. डिस्कला तो ठेवला तर पॅड रोटर धरूनच राहतात. लक्षण सोपं आहे: थोडं चालवून गाडी जॅकवर घेतली की मागचं चाक हाताने फिरत नाही. ब्लीडर किंचित उघडा. ऑइल उडून चाक सुटलं तर दाब अडकलाय, व्हॉल्व्ह काढा. सुटलं नाही तर हँडब्रेकची केबल जास्त ताणलेली किंवा कॅलिपरची पिन अडकलेली.

मास्टर सिलिंडरही डिस्कचाच घ्या. पॅड झिजत जातात तसा कॅलिपर जास्त ऑइल पोटात घेतो, ड्रमची छोटी टाकी त्याला पुरत नाही. शिवाय ड्रमचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो, डिस्कला ती मदत नाही. बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा) नसलेल्या गाडीत पाय जड लागणार हे धरूनच चला. मोठ्या बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर लावून हे सुटत नाही, उलट पेडल आणखी कडक होतं.

मागच्या लायनीत दाब कमी-जास्त करता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह हवाच. किटमध्ये तो नसेल तर वेगळा आणा. सुरुवात मागे सगळ्यात कमी दाब ठेवून करा, आणि मोकळ्या जागेत, रिकाम्या गाडीने, कमी वेगात जोरात ब्रेक मारा. पुढची चाकं आधी जाम व्हायला हवीत. मागची आधी झाली तर गाडी शेपटीकडून फिरते. भरलेल्या गाडीत मागे थोडा ब्रेक कमी वाटेल, तरी सेटिंग रिकाम्या गाडीचंच ठेवा.

किटचा खरा कच्चा भाग हँडब्रेक. जुनी केबल क्वचितच जुळते, आणि लिव्हर सुटल्यावर आपल्या स्टॉपला पूर्ण टेकला नाही तर पिस्टनमधला ॲडजस्टर पुढे सरकतच नाही. मग पेडल पहिल्या दिवसापासून खोल. केबल लावण्याआधी पिस्टन फिरवून पॅड रोटरला जेमतेम टेकवून घ्या, नंतर लिव्हर हाताने अनेकदा पूर्ण ओढून-सोडून पाहा. चांगला जमला तरी ड्रमइतकी पकड येत नाही. गाडी भरून चढावर उभी करायची असेल तर रोटरच्या पोटात छोटा ड्रम असलेला किट घ्या, असं आमचं स्पष्ट मत आहे. नंतर कधी पॅड बदलताना हँडब्रेकवाल्या कॅलिपरचा पिस्टन शिकंज्याने दाबायचा नाही, फिरवत आत न्यायचा. दाबला तर आतली यंत्रणा तुटते.

रोटरवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसा. मग ५० च्या वेगावरून १० पर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक लावा, पूर्ण न थांबता, आणि थंड होईपर्यंत चालवत राहा. शंभरेक किलोमीटरनंतर चाकं परत काढा: बॅन्जोपाशी ओल, ब्रॅकेटचे बोल्ट, सीलची कड, आणि दोन्ही बाजूंचे पॅड सारखे घासलेत की एकच.