दीड वर्ष डोंबिवलीत आणि पावणेदोन वर्षं वाईत वापरलेला फिटनेस बँड

रिव्ह्यू लांबलाय, आधीच सांगते. आठ दिवस वापरून पाच स्टार देणाऱ्यांचे रिव्ह्यू वाचून मी हा बँड घेतला होता आणि त्यातलं बरंचसं पुढे खरं निघालं नाही, म्हणून सव्वातीन वर्षं वापरल्यावरच लिहायला बसलेय.

जानेवारी २०२२ मध्ये सेलमधून २,३०० रुपयांना घेतला. तेव्हा आम्ही डोंबिवलीत राहत होतो, माझी नोकरी फोर्टला. जून २०२३ मध्ये आम्ही कायमचे वाईला आलो, हे सासरचं घर, सासूबाई एकट्या होत्या आणि माझं अकाउंट्सचं काम घरून करता येईल असं ऑफिसने कबूल केलं होतं. त्यामुळे झालं काय की मनगट तेच, बँड तोच, वय थोडंच वाढलेलं, आणि जागा मात्र पूर्ण बदललेली. निघताना सोसायटीतल्या प्रत्येकाने हेच सांगितलं की सुटलात बाई, आता तब्येती बघा कशा सुधारतात, मोकळी हवा, ताजी भाजी. माझीही तीच खात्री होती. अहो आपल्याकडे पूर्वीपासून डॉक्टर हवापालट सांगायचेच की, आणि वाईच्या वर बारा किलोमीटरवर पाचगणी, तिथे तर क्षयाच्या पेशंटसाठी सॅनिटोरियम होतं.

पहिल्या तीन महिन्यांत बँडने जे दाखवलं त्याने मी हादरले.

डोंबिवलीत माझ्या रोजच्या सरासरी स्टेप्स होत्या ९,४००. व्यायाम म्हणून मी तिथे एक पाऊलही टाकलं नव्हतं हो, वेळच नव्हता. घर ते स्टेशन अठरा मिनिटं, कारण सकाळी रिक्षाची लाइन चालण्यापेक्षा जास्त वेळ खायची, मग ब्रिज चढा, उतरा, सव्वा तास बऱ्याचदा उभ्याने, सीएसएमटीला उतरून सबवे, पुढे ऑफिस, आणि संध्याकाळी हेच सगळं उलटं. वाईत आल्यावर पहिल्या तिमाहीची सरासरी ३,७००! आधी वाटलं बँड बिघडला. रिसेट केला, मनात मोजत अंगणात बरोबर पाचशे पावलं चालले तर याने ४८८ दाखवली, म्हणजे बँड ठीक होता. मीच चालत नव्हते. सगळं गाव दोन किलोमीटरच्या आत, मंडई पाच मिनिटांवर, बँक तिथेच, गिरणी तिथेच आणि दारात स्कूटी उभी, मग कोथिंबीर आणायलासुद्धा स्कूटी. आणि चालत निघालंच तर लोक चालू देत नाहीत, हे शहरातल्या लोकांना सांगून पटणार नाही. 'काय वहिनी, गाडी पंक्चर झाली का, बसा सोडतो' असं दर शंभर पावलांवर कुणीतरी थांबून म्हणतं, प्रेमाने म्हणतं, आणि नाही म्हटलं तर काहीतरी बिनसलंय अशी चर्चा होते. शिवाय फुटपाथ नाही, नोव्हेंबरपासून उसाच्या डबल ट्रॉल्या सुरू झाल्या की कडेने चालायला मलाही भीती वाटते.

त्यात अजून एक. हा बँड स्टेप्स मोजतो तो हाताच्या हालचालीवरून, आत एक हालचाल ओळखणारा सेन्सर असतो, त्याला खड्ड्यातला धक्का आणि पाऊल यातला फरक दर वेळी कळत नाही. स्कूटीवरून सातारा करून आले, चाळीस पावलंसुद्धा चालले नव्हते आणि याने ११०० स्टेप्स टाकल्या. उलट दोन्ही हातात पिशव्या धरून मंडईतून आले तर निम्मी पावलं गायब. म्हणजे वाईतले ते ३,७०० सुद्धा फुगवलेले होते. गावाकडे टू-व्हीलर चालवणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवा, अ‍ॅपमधली हिरवी रिंग पूर्ण झाली म्हणून खूश होऊ नका.

आणि ते दहा हजारांचं टार्गेट जे बँड उघडल्या उघडल्या मागे लागतं ना, ते काही डॉक्टरांनी ठरवलेलं नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ दहा हजार पावलांचं मीटर, तिथून तो आकडा जगभर चिकटला. २०२२ मध्ये लॅन्सेटच्या एका वैद्यकीय जर्नलमध्ये पंधरा अभ्यास एकत्र करून बघितलेलं आलं होतं, त्यात साठीच्या पुढच्यांना सहा ते आठ हजार आणि त्याखालच्यांना आठ ते दहा हजारांपर्यंत फायदा वाढत जातो, मग तो सपाट होतो असं दिसलं. म्हणजे डोंबिवलीतली माझी धावपळ जिला मी सतत शिव्या घालायचे, ती नेमकी माझ्या वयाला हवी तेवढी चाल होती. हे मला वाईत बसून कळलं.

आता दुसरी बाजू, कारण मी वाईवर नाराज आहे असं वाटायला नको. झोप. डोंबिवलीत सरासरी ५ तास ४० मिनिटं, वाईत ७ तास १० मिनिटं. झोपेचा आकडा बँड अंदाजानेच काढतो, हात हलला नाही आणि ठोके मंदावले की झोपली समजतो, मी पडून पुस्तक वाचत असले तरी झोपेत धरतो, पण हा फरक बँडशिवायही मला अंगात जाणवत होता. ४:५० चा अलार्म बंद झाला हेच त्याचं कारण. लग्नसराईतला डीजे सोडला तर रात्री नदीच्या घाटाकडून आवाज येत नाही. विश्रांतीचा हार्ट रेट ७६ वरून पहिल्या महिन्यात ७१ वर आला तेव्हा मला वाटलं जिंकलो. सहा महिन्यांनी तो परत ७८ झाला. झोप मिळाली पण चाल गेली.

रक्तातला ऑक्सिजन दाखवतो त्याबद्दल एक गैरसमज इथल्याच रिव्ह्यूंमध्ये दिसला, कुणीतरी लिहिलंय की 'गावाला गेल्यावर ऑक्सिजन ९८ दाखवतो, शहरात ९६, बघा हवेचा फरक'. असं नसतं हो. एक-दोन टक्के तर हा हात हलला, बोटं गार पडली तरी फिरतो, आणि फुप्फुसं धड असलेल्या माणसाचा ऑक्सिजन धुरकट हवेतही ९७ च्या आसपासच राहतो, धुळीचे बारीक कण वर्षानुवर्षं आत काय करतात ते या आकड्यात उमटतच नाही. माझा दोन्हीकडे ९७. डोंबिवलीत एमआयडीसीचा तो रात्रीचा वास मी विसरले नाही, फेब्रुवारी २०२० मध्ये रसायनांनी रस्ता गुलाबी झाला तेव्हा आम्ही तिथेच होतो. पण वाईची हवा म्हणजे बर्फासारखी स्वच्छ हे चित्र पण खरं नाही. चारी बाजूंनी डोंगर, थंडीत पहाटे गार हवा खाली बसते, आणि त्याच वेळी घरोघरी अंघोळीच्या पाण्याचे बंब पेटतात, कुणी ओल्या काटक्या घालतं, कुणी प्लॅस्टिकही टाकतं, शेतात उसाचं पाचट जाळलं की गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी काजळी पडते. सकाळी साडेसहाला सगळ्या वाईवर धुराचा एक पातळ थर दिसतो. म्हणून मी डिसेंबर-जानेवारीत चालायची वेळ नऊवर नेली.

आता ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहायचाच असं ठरवलं ते सांगते. फेब्रुवारी २०२४, रात्री दीड. सासूबाईंना, आम्ही आईच म्हणतो, पोटात वरच्या बाजूला जळजळ, मळमळ आणि जबडा दुखतोय म्हणाल्या. वय ७१, शुगर जुनी. मी माझा बँड काढून त्यांच्या हाताला बांधला, हार्ट रेट ८२, ऑक्सिजन ९६. मी म्हटलं, आई, सगळं नॉर्मल दाखवतोय, ॲसिडिटी असेल, थंड दूध घ्या. पाऊण तास गेला माझ्या त्या एका वाक्यामुळे. मग त्यांना दरदरून घाम सुटला. जवळच्या दवाखान्यात रात्री ईसीजी काढणारं कुणी नव्हतं, तेव्हा शेजारच्या दादांनी न विचारता गाडी काढली, त्यांच्या वहिनी पाठोपाठ चादर आणि पाण्याची बाटली घेऊन आल्या आणि आम्ही सातारला निघालो, पस्तीस किलोमीटर. हार्ट अटॅकच होता. अँजिओप्लास्टी झाली, आई वाचल्या. डॉक्टरांनी मला सांगितलं की बायकांना, त्यातून शुगर असलेल्यांना, छातीत कळ न येता असाच अटॅक येऊ शकतो आणि मनगटावरचा हिरवा दिवा फक्त नाडी मोजतो, हृदयाची रक्तवाहिनी बंद पडलीय का हे त्याला कळत नाही. हे बॉक्सवर बारीक अक्षरात लिहिलेलंही आहे, 'वैद्यकीय उपकरण नाही' म्हणून. मी वाचलं नव्हतं. तुम्ही हे वाचताय तर कृपा करून लक्षात ठेवा, असं काही झालं तर बँड बघत बसू नका, १०८ ला फोन लावा किंवा गाडी काढा.

त्या रात्रीचा विचार मी अजून करते. डोंबिवलीत कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची सोय, असलेलं हॉस्पिटल आमच्यापासून दहा-बारा मिनिटांवर होतं. पण तिथे रात्री दोनला कुणाचं दार वाजवलं असतं? सात वर्षांत समोरच्या फ्लॅटमधल्यांचं आडनाव पाटीवर वाचलं तेवढंच. आई रोज घाटावर जातात, एक दिवस नाही दिसल्या तर अकरा वाजेपर्यंत दोघी-तिघी घरी विचारायला येतात. म्हाताऱ्या माणसाला याचा किती आधार असतो ते मी डोळ्यांनी बघितलंय. आणि पस्तीस किलोमीटर हे पस्तीस किलोमीटरच असतात, हेही बघितलंय.

आईंनंतर आम्ही सगळ्यांनी तपासण्या केल्या. माझं तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचं एचबीए१सी ५.९ आलं, डोंबिवलीतलं शेवटचं ५.५ होतं. ५.७ च्या वर गेलं की मधुमेहाच्या उंबरठ्यावर. गावात राहून, ताजी मेथी खाऊन, पोटभर झोपून! डॉक्टरांना विचारलं तर त्यांना जरासुद्धा नवल वाटलं नाही. नंतर आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशभरातल्या मोठ्या पाहणीचे २०२३ मध्ये छापून आलेले आकडे वाचले, मधुमेह शहरात १६.४ टक्के, ग्रामीण भागात ८.९, म्हणजे शहर वाईट हे बरोबरच, पण उंबरठ्यावरचे मात्र शहरात १५.४ आणि ग्रामीण भागात १५.२, जवळजवळ सारखेच. शेतात राबणारी आधीची पिढी आणि दारात स्कूटी असलेले आम्ही, पत्ता एक असला तरी दिवस एक नाही. माझ्या नणंदेच्या शेतावर कामाला येणाऱ्या मावशींना एकदा बँड बांधून बघितला होता, हळद काढायचे दिवस होते, संध्याकाळी १७,००० च्या वर आकडा होता.

तेव्हापासून स्कूटीची किल्ली मी कपाटात ठेवते. संध्याकाळी मेणवलीपर्यंत चालत जाते आणि परत, साधारण सहा किलोमीटर. लिफ्ट देणाऱ्यांना सांगून टाकलं, डॉक्टरांनी चालायला लावलंय, हे वाक्य इथे चालतं, लगेच मान मिळतो आणि आता चौघीजणी सोबत येतात. परवा रंगपंचमीला बावधनच्या बगाडामागे, म्हणजे यात्रेत बैल ओढतात त्या लाकडी रथामागे, शेतातून चाललो त्या दिवशी २१,४०० झाल्या. सरासरी आता ८,६००, विश्रांतीचा हार्ट रेट ७०, एचबीए१सी ५.६. बँडने यात काय केलं तर फसवणूक उघडी पाडली, मी गावात आले म्हणजे बरी होणार या समजुतीतून त्याने बाहेर काढलं, आणि त्यासाठी मी त्याचे पैसे वसूल झाले असं मानते.

बाकी वस्तू म्हणून. बॅटरी नवीन असताना बारा दिवस जायची, आता पाच. रबरी पट्ट्याखाली घामाने पुरळ येते, डोंबिवलीच्या दमट हवेत फार, वाईत कमी, २५० ची कापडी पट्टी लावल्यावर थांबली. पावसात, भांडी घासताना काही झालं नाही. मराठी अक्षरं स्क्रीनवर नीट दिसत नाहीत, आईंना मेसेज वाचता येत नाही ही माझी मोठी तक्रार, आता तो मी त्यांनाच दिलाय कारण डॉक्टरांनी चालताना नाडी ११० च्या वर जाऊ देऊ नका सांगितलंय आणि तेवढं काम हा चोख करतो. मला नवीन घ्यायचाय. कंपनीच्या सर्व्हिसला चार्जरसाठी तीन मेल केले, उत्तर नाही, आणि नवीन मॉडेलचा चार्जर याला बसत नाही, म्हणून दोन स्टार कापले. जुना चुंबकवाला चार्जर वाई-साताऱ्यात कुठल्या दुकानात मिळतो का कुणाला माहीत असेल तर खाली लिहा, आईंच्या बँडची बॅटरी २० टक्क्यांवर आलीय आणि आमची वायर मुळाशी तुटत चाललीय.