सेफ्टी रेझर की कार्ट्रिज?

दाढीसाठी सेफ्टी रेझर (एकच सुटं पातं बसवायचा रेझर) घ्यावा की कार्ट्रिजवरच (अनेक पात्यांचं, बदलता येणारं तयार डोकं) राहावं, यावर बरेच जण अडतात.

खर्चाचं उत्तर सोपं आहे. धातूचा रेझर एकदाच घ्यायचा, मग फक्त दुधारी पाती लागतात, आणि ती कार्ट्रिजपेक्षा कितीतरी स्वस्त पडतात. धुऊन कोरडा ठेवला तर रेझर वर्षानुवर्षं टिकतो.

खरा फरक मेहनतीचा. कार्ट्रिजचं डोकं फिरतं, पात्याचा त्वचेशी कोन तेच सांभाळतं. सेफ्टी रेझरचा कोन आपण धरायचा, साधारण 30 अंशांचा. डोकं गालाला टेकवा, मूठ हळूहळू खाली आणा. केस कापले जाऊ लागले की तोच कोन. दाब अजिबात नको, रेझरचं वजन पुरतं. गळ्यावर केसांची दिशा बदलते, ती आधी बोटांनी चाचपून घ्या. हात बसायला काही आठवडे जातात, पण ते सार्थकी लागतात.

त्वचेचं म्हणाल तर कार्ट्रिजची अनेक पाती केस फार खोल कापतात. कुरळे केस मग आतच वाढून पुळ्या येतात. एका पात्यानं हा त्रास बहुधा कमी होतो.

रोज घाई असेल किंवा फक्त केबिन बॅग घेऊन विमानप्रवास होत असेल (सुटी पाती त्यात नेता येत नाहीत), तर कार्ट्रिजच बरं. पुळ्यांनी हैराण असाल आणि दाढीला निवांत वेळ देता येत असेल, तर सेफ्टी रेझर घ्या. पहिली दाढी मात्र सुट्टीच्या दिवशी करा.