अपडेट आलं, तारखेचा शिक्का गेला: सर्व्हेच्या कामात रगडलेल्या फोनचा अनुभव

ज्या अपडेटमुळे हे लिहायला बसलो, त्याच्या सूचनेत चारच गोष्टी होत्या: सुरक्षा सुधारणा, सिस्टीमची स्थिरता, काही त्रुटींचं निराकरण आणि 'कॅमेऱ्याचा नवा अनुभव'. या नव्या अनुभवात माझ्या फोटोंवरचा तारीख-वेळेचा शिक्का नाहीसा झाला. फोटोच्या कोपऱ्यात पिवळ्या अक्षरात उमटायचा, तोच. सेटिंगमध्ये आधी जिथे त्याचं बटण होतं, तिथे आता 'सौंदर्य' आणि 'फिल्टर' आहे.

फोनचं नाव लिहीत नाही. नाव घेतलं की बोलणं कंपनीवर जातं आणि मुद्दा बाजूला पडतो. वीस हजारांच्या आतबाहेरचा आहे, मागे ५० मेगापिक्सेल, बाकी या किमतीत सगळ्यांना जे मिळतं तेच. स्क्रीन चांगली, आवाज बरा, बॅटरी दिवसभर पुरते. या तीन गोष्टींबद्दल तक्रार नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीतही नाही.

मी वाहन विम्याचा सर्व्हेअर आहे, म्हणजे ठोकलेल्या गाडीचं नुकसान तपासून विमा कंपनीला रिपोर्ट देणारा. दिवस नागपूरच्या वाडी, हिंगणा, कामठी रोड असा गॅरेजांतून जातो. गाडीच्या चारही बाजू, नंबर प्लेट, ओडोमीटर, चेसिस नंबर आणि मग एकेक ठोकलेला भाग, असे फोटो काढायचे आणि रिपोर्टला लावायचे. क्लेमच्या टेबलावरचा माणूस पहिल्यांदा फोटोचा कोपरा बघतो. तिथे तारीख असली की क्लेम पुढे, नसली की मला त्याचा फोन.

यावर कोणी म्हणेल की तारीख तर फाइलच्या आत असतेच. असते. पण तोच फोटो व्हॉट्सॲपवरून साधा पाठवला की आतली माहिती गळून पडते आणि फोटोही दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. हे मी गॅरेजवाल्यांना किती वेळा सांगितलं! कोणी करत नाही. शिवाय शिक्का म्हणजे पक्का पुरावाही नाही. फोनची तारीख बदलली की शिक्क्याचीही बदलते, हे टेबलावरच्या माणसालाही ठाऊक आहे. तरी त्याला शिक्का लागतो. सरकारी असो की खासगी, कागदावर शिक्का दिसल्याशिवाय आपल्याकडे कोणाचा जीव थाऱ्यावर येत नाही.

तर गेलो सीताबर्डीला, अधिकृत सेवा केंद्रात. टोकन घेतलं, बसलो. काउंटरवरच्या पोरानं फोन उलटासुलटा करून पाहिला.

"काका, फॅक्टरी रिसेट मारून पाहिलं का?"

"रिसेट मारल्यानं कंपनीनं काढून टाकलेलं बटण परत येईल का?"

"तसं नाही येणार. पण कॅमेरा तर चालून राहिला ना तुमचा?"

"चालून राहिला. शिक्का नाही मारून राहिला."

"मग हार्डवेअर ओके आहे, काका. सॉफ्टवेअरचं आमच्या हातात काही नाही."

पोरगा वाईट नव्हता. ॲपच्या माहितीत जाऊन 'अपडेट अनइन्स्टॉल' करून पाहा, असं त्यानंच सुचवलं. केलं. उपयोग शून्य, कारण कॅमेऱ्याचं नवं ॲप सिस्टीमच्या अपडेटमधूनच आलेलं. जुनं म्हणून जे परत मिळतं तेही हेच. संपूर्ण फोन मागच्या आवृत्तीवर न्या म्हटलं, तर ते होत नाही. इथे मी कंपनीची बाजू थोडी समजून घेतो. मागे जाण्याचं दार उघडं ठेवलं तर जुन्या आवृत्तीतली सुरक्षेची भोकंही परत उघडतात, म्हणून ते कुलूप मुद्दाम लावलेलं असतं. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचं कुलूप, उघडून करणारे करतात, पण त्यात फोन आधी पूर्ण कोरा होतो आणि नंतर बँकेची ॲप रुसतात. माझं पेट्रोलसुद्धा यूपीआयवर चालतं, तेव्हा तो रस्ता बंद.

वाद झाला तो जॉबशीटवरून, म्हणजे केंद्राच्या तपासणीच्या कागदावरून. तिच्यावर त्यानं लिहिलं: 'दोष आढळला नाही.' मी म्हटलं, "दोष नाही असं लिहू नको, 'सुविधा काढून टाकलेली आहे' असं लिही." तर म्हणे सिस्टीममध्ये तसा पर्यायच नाही. स्क्रीन, बॅटरी, चार्जिंग, स्पीकर, पाण्यात पडला, एवढेच प्रकार निवडता येतात. घेतलेली वस्तू कंपनीनंच कमी करून टाकली, हा प्रकार त्या यादीत बसत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. कंपनीचं उत्तर आलं की वापरकर्त्यांचा अनुभव उत्तम व्हावा म्हणून वेळोवेळी बदल केले जातात.

माझा खरा राग इथे आहे. गूगलनं २०२३ मध्ये पिक्सेल ८ बरोबर सात वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं, सॅमसंगनं २०२४ च्या सुरुवातीला एस २४ बरोबर तेच केलं. युरोपात तर २० जून २०२५ पासून नियमच आहे, की मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे. छान आहे. पण या सगळ्यात मोजली जातात ती वर्षं. फोन घेताना त्यात जे होतं ते सातव्या वर्षीही असेल, असं कोणी कुठे लिहून देत नाही. पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसानं जाताना रेग्युलेटर काढून न्यावा आणि वर सात वर्षं येत राहीन म्हणावं, तसला हा प्रकार.

आता दुसरी बाजू, कारण त्याच अपडेटनं एक गोष्ट सुधारली असावी. 'असावी' का, ते सांगतो.

मे महिन्यात या फोनचा कॅमेरा दुपारी मध्येच बंद पडायचा. 'फोन गरम झाला आहे, थंड होऊ द्या.' ॲपल आयफोनबद्दल सांगते, की ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरा. बाकीच्यांचं गणितही फार वेगळं नसतं. आमच्याकडे ३५ म्हणजे मार्च. नागपूरचा विक्रम २३ मे २०१३ चा, ४७.९ अंश. २०२४ च्या मेअखेर तर इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवले होते आणि देशभर बोभाटा झाला. मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. ५६ नसेल, पण गॅरेजच्या पत्र्याखाली, काळ्या बोनेटला खेटून उभं राहून फोटो काढणाऱ्याला तो आकडा खोटा वाटला नसता.

फोन गरम झाला की काय बंद करायचं, याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. अँड्रॉइड १० पासून सिस्टीममध्येच हलक्यापासून थेट फोन बंद करण्यापर्यंतचे टप्पे आहेत. कोणता टप्पा किती अंशांना लागू करायचा आणि त्यात काय कापायचं, ते कंपनी ठरवते. माझ्या फोनमध्ये आधी फ्लॅश जायचा, मग स्क्रीन मंद व्हायची, मग कॅमेरा. वाडीच्या मिस्त्रीनं उपाय सांगितला, "साहेब, कूलरसमोर ठेवा ना बाप्पा दोन मिनिटं." दमट हवेचा विचार करून मी पंख्यासमोर ठेवला. चालायचा.

अपडेटनंतर कॅमेरा एकदाही असा बंद पडला नाही. सुरुवातीला मी खूश झालो, मित्रांना सांगितलंही की शिक्का नेला पण ऊन सोसायला शिकला. पण अपडेट आलं तेव्हा मृग लागून पाऊस पडून गेला होता. श्रेय पावसाचं की अपडेटचं? ऑक्टोबर हीटमध्येही तगला, हे खरं. पण आमचा ऑक्टोबर म्हणजे काही मे नव्हे. उलट स्क्रीन आता आधीपेक्षा लवकर मंद होते असं दिसतं, म्हणजे कदाचित कॅमेरा जिवंत ठेवण्यासाठी उजेड कापलाय. भर उन्हात फोटोत काय येतंय तेच दिसत नाही. या मुद्द्यावर माझा निकाल येत्या मेपर्यंत राखून ठेवतो.

शिक्क्यापेक्षा गंभीर गोष्ट मला नंतर लक्षात आली, आणि ती या एकाच फोनची नाही. चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं मुद्दाम वापरत नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून. पण आठचा आकडा आणि बी, पाचचा आकडा आणि एस यांची गल्लत उरतेच. नंबर पत्र्यावर ठोकलेला असतो, वर गंज, ग्रीस, जुना रंग. लांबून झूम करून फोटो घेतला की नवं ॲप काही क्षण 'सुधारणा सुरू आहे' म्हणतं आणि मग अक्षरं इतकी धारदार करून देतं की बघत राहावं. एका टेम्पोच्या फोटोत मला स्वच्छ बी दिसला. नंबरावर कागद ठेवून पेन्सिलनं घासून घेतलेल्या ठशावर आठ होता.

फोन इथे खोटं बोलत नाही, तो अंदाज करतो. एका फोटोसाठी तो भराभर अनेक फ्रेम घेतो, एकमेकांवर बसवतो, बारीक दाणे पुसतो आणि कडा उठावदार करतो. चेहऱ्याला ते शोभतं. पत्र्यावरचा ओरखडाही त्याला दाणाच वाटतो, म्हणून हलके ओरखडे पुसले जातात. आणि अर्धवट अक्षर दिसलं की ते पूर्ण करून टाकतो. असलं आधीही घडलंय. २०१३ मध्ये जर्मनीतल्या डेव्हिड क्रीझेलनं दाखवलं होतं, की झेरॉक्सची काही यंत्रं स्कॅन करताना आकडेच बदलतात, सहाचा आठ होतो. फाइल लहान करताना सारखे दिसणारे तुकडे एकमेकांच्या जागी बसवले जात होते. पान अगदी स्वच्छ दिसायचं, म्हणून कोणाला शंका यायची नाही. गचाळ फोटोवर माणूस दोनदा नजर टाकतो, स्वच्छ फोटोवर एकदाच. म्हणून ठसा घ्यायची माझी पेन्सिल अजून खिशात आहे, आणि चेसिसचा फोटो मी झूम न करता, वाकून, जवळून काढतो. कंबर माझी आहे, अपडेटची नाही.

शिक्क्यासाठी मग बाहेरची ॲप धुंडाळली. नकाशा, पत्ता, तारीख सगळं छापणारी फुकट ॲप ढीगभर आहेत, पण दर दोन फोटोंनंतर जाहिरात, आणि जाहिरात नको तर महिन्याचे पैसे. तारीख छापायला महिन्याचे पैसे मी देणार नाही, हे तत्त्व आहे. शेवटी ओपन कॅमेरा मिळालं. मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कोणालाही बघता येतो; फुकट आहे, जाहिरात नाही. फोटोच्या सेटिंगमध्ये शिक्क्याचा पर्याय आहे. तारखेची मांडणी, अक्षरांचा आकार, रंग, हवं तर ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही. दिसायला ओबडधोबड आहे आणि पहिल्या दिवशी इतकी बटणं बघून बिचकायला होतं. पण ओरखडा ओरखड्यासारखा येतो. फुकट वस्तूबद्दल इतकं चांगलं बोलायची मला सवय नाही.

उणिवाही आहेत. रात्रीचे फोटो फोनच्या स्वतःच्या ॲपमध्येच चांगले येतात. वाइड लेन्स बाहेरच्या ॲपला वापरू द्यायची की नाही हे फोनची कंपनी ठरवते. माझ्या कंपनीनं दिलेली नाही. आणि मोठी अडचण अशी, की विमा कंपनीच्या ॲपमध्ये 'फोटो घ्या' दाबलं की फोनचाच कॅमेरा उघडतो. अँड्रॉइड ११ पासून तसा नियमच आहे: दुसऱ्या ॲपनं फोटो मागितला तर फोनसोबत आलेला कॅमेराच उत्तर देणार. सुरक्षेच्या दृष्टीनं बरोबर असेल. माझं काम दुप्पट झालं: आधी ओपन कॅमेरात काढा, मग गॅलरीतून चढवा, आणि जिथे गॅलरीतून घेत नाहीत तिथे बिनशिक्क्याचा पाठवून टेबलावरच्या माणसाच्या फोनची वाट बघा.

थंडीत दुसरं अपडेट आलं. शिक्का परत! पण एकटा नाही आला. आता त्याचं नाव 'वॉटरमार्क', आणि तारखेच्या डोक्यावर कंपनीचं नाव आणि मॉडेल, तारखेपेक्षा मोठ्या अक्षरात. नाव काढलं की तारीखही जाते. म्हणजे चुरगळलेल्या बंपरच्या प्रत्येक फोटोखाली मी या कंपनीची फुकट जाहिरात करायची. क्लेमच्या टेबलावरून विचारणा झाली, "साहेब, फोटोवर हे काय छापून राहिले तुम्ही?" मी ओपन कॅमेरावर परत गेलो.

घ्यावा का? घरच्या वापराला, लग्नाकार्याला, पोरांच्या फोटोंना हा फोन या किमतीत चांगलाच आहे, आणि अपडेटही वेळेवर येतात, हे कबूल करायला जीवावर येतं तरी खरं आहे. कामासाठी घेणार असाल तर दुकानातच ओपन कॅमेरा टाकून बघा, वाइड लेन्स त्यात दिसते का ते तपासा, आणि फोनच्या मूळ ॲपमधली एखादी सोय बघून पैसे मोजू नका. माझा एक सहकारी हाच फोन घेतोय. त्याला मी आधी सिस्टीम अपडेटचं स्वयंचलित डाउनलोड बंद करायला सांगितलं. महिन्याचे सुरक्षा अपडेट त्यानं घ्यावेत. ज्याच्या सूचनेत कॅमेऱ्याचं नाव आलं, ते आधी मी टाकून बघणार आणि मग त्याला सांगणार, असं ठरलंय.