उत्तर इटली, सहा माणसं, अकरा रात्री: गाडीनं की रेल्वेनं?

जर्मनीतल्या बायर्न राज्यात शाळांची उन्हाळी सुट्टी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते. २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला संपते आणि नेमकी त्याच दिवशी गणेश चतुर्थी आहे. म्हणजे म्युनिकच्या मराठी घरात हिशोब सरळ आहे: पुण्याहून आलेले आजी-आजोबा, दोन मुलं आणि आपण दोघं, असे सहा जण ३० ऑगस्टला निघणार आणि १० सप्टेंबरपर्यंत परत येणार. जायचं उत्तर इटलीत, हेही नक्की. वाद रस्त्याचा असतो.

दोन मार्ग खरे विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला गाडीचा: ब्रेनर खिंड ओलांडून दक्षिण टिरोल, तिथून गार्डा सरोवर, शेवटी व्हेनिस. दुसरा रेल्वेचा: वेरोना, मिलान, कोमो सरोवर, व्हेनिस. तिसरा, समुद्रकाठच्या लिगुरिया प्रांताचा, लोक फोटो पाहून सुचवतात. त्याचं पुढे दोन ओळींत सांगते.

तारखेचं आधी. १५ ऑगस्टला इटलीत फेर्रागोस्तोची सुट्टी असते आणि त्याच्या आजूबाजूचे दोन आठवडे सगळा देश समुद्रावर किंवा डोंगरात असतो. शहरांतली दुकानं बंद, किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नाही. ऑगस्ट संपता संपता ही लाट ओसरते. गार्डावर मात्र आपल्यासारखेच बायर्नवाले शेवटपर्यंत असतात, त्यामुळे तिथे एकांताची अपेक्षा नको. हवेचं म्हणाल तर डोंगरात दुपारनंतर गडगडाट होऊ शकतो, पाणी अजून पोहण्याइतकं कोमट असतं आणि बागांत सफरचंदं काढणीला आलेली असतात.

आता पहिला मार्ग. रविवारी पहाटे निघायचं, शनिवारी नाही. ऑगस्टात बरीच भाड्याची घरं शनिवार ते शनिवार दिली जातात, त्यामुळे त्या दिवशी ब्रेनरला जाणारे आणि येणारे दोघंही रस्त्यावर असतात. त्यात ऑस्ट्रियाच्या बाजूचा लुएग पूल दुरुस्तीमुळे १ जानेवारी २०२५ पासून बहुतेक दिवस दोन्ही दिशांना एकेकाच पट्ट्यावर चालतो. गर्दीच्या ठरावीक दिवशी दुसरा पट्टा उघडतात. ऑस्ट्रियाचं विन्येट (महामार्गांचं टोल-स्टिकर) घेतलं तरी ब्रेनर महामार्गाचा टोल वेगळा, आणि खिंड ओलांडल्यावर इटलीचा टोल त्याहून वेगळा. हे सगळं धरूनही म्युनिकहून दक्षिण टिरोलमधल्या बोल्झानोला दुपारच्या जेवणापर्यंत पोचता येतं. आजोबांना दर दोन तासांनी उतरावं लागत असेल तरीसुद्धा.

दक्षिण टिरोलमध्ये चार रात्री. पाट्यांवर जर्मन आणि इटालियन, दऱ्यांच्या आत गेलं की लदीन ही स्थानिक भाषाही. आमच्या आईनं पहिल्या संध्याकाळी विचारलं होतं, "अगं, हे इटली आहे ना नक्की?" प्रश्न रास्त आहे, पहिल्या महायुद्धापर्यंत हा भाग ऑस्ट्रियाचा होता. मुलांच्या दृष्टीनं मजा अशी, की त्यांची शाळेतली जर्मन इथे चालते आणि आईबापांऐवजी तीच ऑर्डर देतात.

ज्येष्ठांसाठी इथली खरी सोय म्हणजे रोपवे. डोलोमाइट्स, म्हणजे इथले डोंगर, म्हटलं की ट्रेकिंगचे बूट डोळ्यांसमोर येतात, पण ऑर्तिझेई किंवा सिउझी या गावांहून रोपवेनं आल्पे दी सिउझीला गेलात की १,८०० मीटरच्या वर, सुमारे ५६ चौरस किलोमीटरच्या कुरणावर थेट उतरता. वरच्या रस्त्यांपैकी बरेच बाबागाडी जाईल इतके सपाट. दिवसा, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, खासगी गाड्यांना वर जाण्याचा रस्ता बंद असतो, म्हणून गाडी खालीच ठेवायची. "कासच्या पठारासारखं आहे, पण फुलं कुठायत?" हेही आईचंच. फुलं जूनमध्ये असतात; आपण जातो तेव्हा गवत कापून झालेलं असतं आणि सगळीकडे वाळक्या गवताचा वास असतो. फुलांसाठी जायचं असेल तर ही तारीख चुकीची आहे, डोंगर बघायचे असतील तर नाही.

पाऊस आला तर बोल्झानोत ओत्झी आहे: १९९१ मध्ये हिमनदीत सापडलेला, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा माणूस. उणे सहा अंशांच्या खोलीत तो झोपलाय आणि आपण एका छोट्या खिडकीतून बघायचं. खिडकी खरंच छोटी आहे, त्यामुळे रांग लागते. माझा धाकटा दोन मिनिटं नाक काचेला लावून उभा होता, मग वळून म्हणाला, "आजोबांसारखे हात आहेत." आजोबांनी ते मनावर घेतलं नाही.

ब्रायेस तळ्याच्या आणि त्रे चीमे या तीन सुळक्यांच्या नादाला सहा जणांनी लागू नये असं माझं मत आहे. दोन्हीकडे उन्हाळ्यात गाडीसाठी आधी ऑनलाइन नोंदणी लागते, दोन्ही वॅल गार्डेनापासून (ऑर्तिझेईच्या दरीपासून) लांब आहेत, आणि अर्धा दिवस घाटातल्या वळणांत जातो. गाडी लागणारं मूल असेल तर पूर्ण दिवस.

मग गार्डा, पाच रात्री. इटलीतलं सर्वांत मोठं सरोवर, सुमारे ३७० चौरस किलोमीटर, आणि दोन टोकांना दोन स्वभाव. उत्तरेला रीवा आणि तोर्बोले: दोन्ही बाजूंनी कडे, दुपारी दक्षिणेकडून ‘ओरा’ वारा सुटतो आणि पाण्यावर शिडंच शिडं दिसतात. दक्षिणेला पेस्किएरा, सिर्मिओने: सपाट काठ, उथळ पाणी, आजीला संध्याकाळी फिरायला फरसबंद वाट. मुलं लहान असतील तर डोळे झाकून दक्षिण. गार्डालँड हे मनोरंजन उद्यान जवळच आहे (एक दिवस, जास्त नाही), आणि पेस्किएराचं स्टेशन मिलान-व्हेनिस मार्गावरच असल्यानं वेरोनाला जाताना गाडी बाहेर काढावी लागत नाही. माल्चेसिनेहून मोंते बाल्दोवर जाणारा रोपवे स्वतःभोवती फिरत वर जातो. तो एक दिवस सकाळी लवकर.

इथेच दुसऱ्या मार्गाशी खरी टक्कर होते, कारण तिथे सरोवर कोमोचं आहे. प्रामाणिकपणे सांगायचं तर कोमो जास्त सुंदर आहे. कोमोकाठच्या वारेन्ना गावाच्या धक्क्यावर संध्याकाळी उभं राहून समोरच्या काठावर बेलाजिओ गावाचे दिवे लागताना पाहिले की गार्डा जरा बाजारी वाटतो. मिलान सेंत्रालेहून वारेन्नाला थेट गाडीनं तासाभरात पोचता येतं, तिथून बोटीनं पंधरा मिनिटांत बेलाजिओ. मोटारीची गरजच नाही. पण कोमोचे काठ उभे आहेत. बेलाजिओच्या गल्ल्या म्हणजे दगडी पायऱ्या. मुलांना पाण्यात सोडावं अशा जागा कमी आणि बोटीला गर्दीच्या दिवशी उन्हात रांग. आमची आई दोन जिने चढून एका दुकानाच्या उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी माणसं बघते." तिनं ती मजेत बघितली, पण सुट्टी अशी आखायची नसते. दोघंच जात असाल, किंवा मुलं तेरा-चौदाच्या पुढची असतील आणि घरात गुडघ्यांची तक्रार नसेल, तर कोमोच.

रेल्वेच्या मार्गाच्या बाजूनं आणखी बरंच आहे. म्युनिकहून वेरोनाला थेट गाडी साडेपाच तासांच्या आसपास घेते, आल्प्स खिडकीतून दिसतात आणि ब्रेनरच्या रांगेत कुणाचा रक्तदाब वाढत नाही. (रुळांची कामं निघतात, म्हणून तारीख टाकून वेळापत्रक बघूनच ठरवा.) इटलीतल्या प्रादेशिक गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं, आदल्या दिवशी घेतलं तरी तेच, जलद गाड्यांचं मात्र जितकं उशिरा तितकं महाग. शिवाय शहरांच्या जुन्या भागात गाडी नेण्यावर बंदी असते, ‘झेडटीएल’ची पाटी असते, आणि ती चुकली की कॅमेरा टिपतो. आमची एका गावात चुकली. सुट्टी विसरलो, गणपती झाले, दिवाळी झाली, आणि मग दंडाचं पत्र आलं.

तरीही या मार्गाचं दुखणं बॅगांत आहे. वेरोना, मिलान, वारेन्ना, व्हेनिस, म्हणजे चार मुक्काम, चार वेळा सहा जणांचं सामान फलाटावरून डब्यात आणि डब्यातून फलाटावर. पहिल्या मार्गात तीनच मुक्काम, आणि सामान डिकीत. कुकर आणि तांदळाची पिशवी डिकीत जाते, ट्रेनमध्ये ती कुणाच्या तरी मांडीवर असते.

कुकरचा विषय उगीच काढला नाही. शाकाहारी माणसाला इटलीत उपाशी राहावं लागत नाही, पण रिसोत्तो हा भाताचा प्रकार पुष्कळदा मांसाच्या रश्शात शिजवतात आणि पार्मेज्यानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं जमवतात; घरात कडक पाळणारे असतील तर हे आधी सांगा, वाढल्यावर नको. दुसरी अडचण वेळेची: अनेक ठिकाणी अडीचनंतर स्वयंपाकघर बंद, ते सातपर्यंत उघडत नाही. दक्षिण टिरोलमध्ये हाफ बोर्ड (खोलीबरोबर नाश्ता आणि रात्रीचं जेवण) घ्यावा, रात्रीचं जेवण लवकर आणि जागेवर. गार्डावर स्वयंपाकघर असलेलं घर घ्यावं आणि दोन दिवसांतून एकदा वरणभात.

लिगुरियाचं राहिलं. चिंक्वे तेर्रेची पाच गावं देखणी आहेत, पण कोर्नील्याच्या स्टेशनवरून गावात जायलाच साडेतीनशेहून अधिक पायऱ्या. आजी-आजोबांबरोबर नाही. तिथली फारिनाता, म्हणजे भट्टीत भाजलेलं बेसनाचं जाडसर धिरडं, आईला फार आवडली असती, एवढीच चुटपुट.

व्हेनिस दोन्ही मार्गांत आहे आणि दोन्हींत दोनच रात्री ठेवा. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी रेगाता स्तोरिका ही नावांची शर्यत असते आणि त्याच सुमाराला लीदो बेटावर चित्रपट महोत्सव, त्यामुळे खोल्या महाग. ८ तारखेला पोचलात तर निदान रेगाता टळते. वापोरेत्तोचं, म्हणजे पाण्यावरच्या बसचं, एका खेपेचं तिकीट साडेनऊ युरो, म्हणजे चार मोठ्या माणसांचे एका फेरीला ३८. दोन दिवसांचा पास काढलेला बरा. मेस्त्रे, म्हणजे व्हेनिसचा जमिनीवरचा भाग, स्वस्त आहे, पण पर्यटक परतल्यावरची संध्याकाळच तर बघायची असते. मी सांता लुचिया स्टेशनच्या डाव्या हाताला, लिस्ता दी स्पान्या या रस्त्यावर खोली घेईन: गूलिये पुलापर्यंत एकही पूल चढावा लागत नाही. गाडी मेस्त्रेला ठेवायची आणि दहा मिनिटांची ट्रेन पकडायची.

तर आजी-आजोबा आणि दहाच्या आतली मुलं असतील तर पहिला मार्ग, ४-५-२ रात्री. गाडी चालवणारा एकच असेल आणि त्याला घाटांचा कंटाळा असेल, तर दुसरा, पण मिलान गाळून: वेरोना तीन, वारेन्ना सहा, व्हेनिस दोन. आधी गार्डा किंवा वारेन्नाचं घर पक्कं करा, ती सगळ्यांत आधी संपतात. मग डोंगरातला हाफ बोर्ड, व्हेनिस शेवटी. परतीचा दिवस गुरुवार ठेवलाय तो ब्रेनरसाठी. शुक्रवारी सामान धुवून होतं आणि शनिवारी मखराचा पुठ्ठा आणायला दुकानं उघडी असतात. रविवारी नसतात.