नावाचा टॉवेल घेताना आधी फूल दाखवा

सोलापुरात टॉवेलवर नाव भरून देणारे पुष्कळ आहेत, पण तुमचं नाव प्रिया किंवा गणेश नसेल तर दुकान जरा पारखून घ्या. माझं नाव व्हायोलेट. आमच्या चर्चच्या महिला मंडळात डेझी आहे, लिली आहे, रोझमेरी आहे आणि एक आयव्हीसुद्धा. इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या काळात मुलींना फुलापानांची नावं ठेवायची हौस वाढली. मिशनच्या शाळा-दवाखान्यांतून ती हौस आमच्या आज्यांपर्यंत पोचली आणि आमच्या पिढीला चिकटली. नाताळला प्रत्येकीला तिच्या नावाचा, तिच्या फुलाचा टॉवेल द्यायचा म्हणून चाटी गल्लीतल्या एका दुकानात ऑर्डर दिली.

आधी माल कसा ते सांगते. टॉवेल शहराच्या पूर्वभागातल्या मागावरचा, निव्वळ सुती, हातात घेतला की वजन कळतं. सोलापुरी टेरी टॉवेलला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे हे खरं, पण ढिगातला प्रत्येक टॉवेल तसाच असतो असं धरून चालू नका. मी लूप, म्हणजे टॉवेलवरचे धाग्याचे उभे फासे, चिमटीत धरून ओढून बघते, कडेची शिलाई उलटून बघते. इथं दोन्ही नीट होतं. नवीन टॉवेल सुरुवातीला पाणी टिपत नाही म्हणून कुरकुर करू नये. साध्या पाण्यातून एकदोनदा काढला की त्यावरचं फिनिशिंग जातं आणि मग तो खरा टॉवेल होतो.

नाव दोन तऱ्हेनं येतं. जकार्ड मागावर ते कापडातच विणलं जातं, कधीच उसवत नाही. पण त्यासाठी आधी वेगळं डिझाईन तयार करावं लागतं, त्यामुळे लॉज, दवाखाने, लग्नाचा आहेर असल्या मोठ्या ऑर्डरीलाच ते परवडतं. आपल्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकाला कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी.

पहिला नमुना बघून मी कपाळाला हात लावला. नाव टॉवेलच्या मधोमध, थेट लुपांवर भरलेलं. टाके आत बुडालेले, 'व्ह'चा नुसता गोळा झालेला, आणि शिरोरेषा मध्येच गायब. त्याहून कहर म्हणजे फूल. डेझीला गुलाब, लिलीला गुलाब, मला गुलाब! इंग्रजी नाव दिसलं की मशीनमधलं तयार गुलाबाचं डिझाईन टाकायचं, असा तिथला हिशेब.

दुकानाचे अण्णा शांतपणे म्हणाले, "टीचर, फूल ते फूल. लांबून कोण बघतंय?"

"अण्णा, तोंड पुसायचा टॉवेल आहे. लांबून कसा बघणार?"

हे मात्र त्यांना पटलं. त्यांनी कॉम्प्युटरवरच्या पोराला हाक मारली. पोरानं मोबाइलवर शोधलं तर आफ्रिकन व्हायोलेट आलं. ते कुंडीतलं, लोकरी पानांचं झाड अगदी वेगळ्या कुळातलं. फूल तसं दिसतं म्हणून त्याला ते नाव पडलं एवढंच. खरं व्हायोलेट थंड हवेतलं. आपल्या उन्हात ते कोण बघणार? मी अण्णांना सांगितलं, "काष्ठौषधीच्या दुकानात वाळलेलं बनफ्शा मिळतं ना सर्दीच्या काढ्याला, तेच हे."

"मग असं सांगा की! आमच्या घरी काढ्यात तेच घालायचे."

त्यानंतर कामाला रंग चढला. पोरगं मन लावून बसलं. वर दोन पाकळ्या, बाजूला दोन, खाली एक रुंद, तिच्यावर गडद रेघा, आणि पान पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं. खालच्या पाकळीवरच्या रेघा त्यानं एकेरी टाक्यात काढल्या. त्या जाड झाल्या असत्या तर फुलाची सदाफुली झाली असती. नाव या वेळी लुपांवर न घेता टॉवेलच्या सपाट पट्टीवर घेतलं. फुलाचा काही भाग लुपांवर येत होता, तिथं वरून पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म ठेवून टाके घातले, म्हणजे ते आत बुडत नाहीत. ही फिल्म लावणार का, एवढं एक विचारा. दुकान कामाचं आहे की नाही ते तिथंच कळतं.

मशीन चालू असताना अण्णांनी विचारलं, "हे नाव आपल्याकडं मोठ्या कुणाचं आहे का?" आहे ना, म्हटलं. व्हायोलेट अल्वा. माहेरच्या हरी, वडील पाळक रेव्हरंड लक्ष्मण हरी. मुंबईत वकिली केली, 1952 साली राज्यसभेत गेल्या, त्याच वेळी पती जोकिम अल्वा लोकसभेत. पुढे केंद्रात गृहखात्याच्या उपमंत्री, आणि 1962 ते 1969 राज्यसभेच्या उपसभापती. त्या खुर्चीवर बसलेल्या त्या पहिल्या बाई. "नाजूक नाव आहे" म्हणणाऱ्यांना मी हेच ऐकवते. फारच ताणलं तर रोममध्ये 1926 साली मुसोलिनीवर गोळी झाडणारी आयरिश व्हायोलेट गिब्सनही काढते. गोळी त्याच्या नाकाला चाटून गेली.

आता टिकाऊपणा. बोअरच्या जड पाण्यात जांभळा रंग उतरेल ही माझी मुख्य धास्ती होती, म्हणून आग्रहानं पॉलिस्टरचा धागा घ्यायला लावला. रेयॉन जास्त चमकतो, पण ब्लीचपुढे टिकत नाही. टॉवेल मशीनमध्ये घातला, दगडावर आपटला, गरम पाण्यात भिजवला. रंग जागचा हलला नाही. जहाजांवर नोकरी करणाऱ्या व्हायोलेट जेसपनं तरी वेगळं काय केलं? ऑलिम्पिक जहाजाची 1911 सालची टक्कर, 1912 साली बुडालेलं टायटॅनिक, 1916 साली बुडालेलं ब्रिटानिक, तिन्ही वेळा बाई जहाजावर आणि तिन्ही वेळा वाचली.

बाकीच्यांचं म्हणाल तर लिली सगळ्यांत देखणी आली. आयव्हीचं नुसतं पान घेतलं, तेही छान. रोझमेरी मात्र फसली, ती काडी शेपूच्या जुडीसारखी दिसते. रोझमेरीनं बघितलं, हसली आणि "भाजीला चालेल" म्हणाली.

नाव भरायचे नगामागे साठ रुपये आणि नवीन फूल काढायचे वेगळे. फुलाचे पैसे आधी सांगितले नव्हते, बिलात दिसले. घासाघीस केल्यावर निम्मे झाले. गिफ्टचा खोका अगदीच पातळ, पैसे वाया. त्यापेक्षा साध्या कागदात बांधून घ्या. लग्नसराईत आणि सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत तिथं कुणाला बोलायलाही फुरसत नसते, तेव्हा त्याआधीच जा. नाव कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून द्या, फुलाचा फोटो छापून न्या आणि एक नमुना पास केल्याशिवाय पुढचे नग भरू देऊ नका. पाचपैकी चार तारे. एक कापला तो गुलाबांचा.