आसिर्तिको की ग्रूनर वेल्टलिनर?

शार्दोनेला कंटाळलेल्या एका मैत्रिणीला फारशी माहीत नसलेली, पण जमीन न ओरबाडता पिकवलेली पांढरी वाइन हवी होती. ती आसिर्तिको आणि ग्रूनर वेल्टलिनर या दोन द्राक्षांपाशी अडकली. बाटलीवरचं ‘नैसर्गिक’ वगैरे सोडून द्या. द्राक्ष वाढतं कसं ते बघू.

आसिर्तिको मूळची ग्रीसच्या सांतोरिनी बेटावरची. तिथल्या ज्वालामुखीच्या मातीत मुळं पोखरणारी फिलॉक्सेरा कीड टिकत नाही, म्हणून वेली कलमाविना स्वतःच्याच मुळांवर वाढतात. वाऱ्यापासून घड वाचावेत म्हणून त्यांना जमिनीलगत टोपलीसारखं वळवतात. पाऊस कमी, म्हणून बुरशी आणि फवारणीही कमी. पण उत्पादन तुटपुंजं आणि काम सगळं हाताचं, त्यामुळे किंमत चढी. (ग्रीसच्या मुख्य भूमीवरची त्या मानानं स्वस्त पडते.)

ग्रूनर हे ऑस्ट्रियात सर्वाधिक लावलं जाणारं द्राक्ष. मुबलक, म्हणून खिशाला हलकं. तिथे रोगराई जास्त, पण सेंद्रिय बागाही पुष्कळ. युरोपीय संघाचं हिरव्या पानाचं चिन्ह तेवढं तपासा.

सांतोरिनीची चांगली आसिर्तिको काही वर्षं ठेवली तर खुलते. साधी ग्रूनर ताजीच प्यावी.

जेवणात आसिर्तिकोचा खारट, लिंबासारखा आंबटपणा भाजलेल्या माशांसोबत किंवा ऑक्टोपससोबत शोभतो. ग्रूनरला पांढऱ्या मिरीची झाक असते; अ‍ॅस्परॅगस, आर्टिचोकसारख्या भल्याभल्या वाइन्सची चव बिघडवणाऱ्या भाज्यांनाही ती पुरून उरते. माझं झुकतं माप इथे तिलाच.

मासळीचा खास बेत किंवा ठेवणीतली बाटली हवी असेल तर आसिर्तिको घ्या. भाज्या, तळण आणि बरीच माणसं असतील तर ग्रूनर.